नकाशावरचं शून्य

"यात आमचा नागसेन कुठं हाय, अण्णा?"

बेबीनंदानं नकाशावर बोट टेकवलं आणि लगेच उचललं. बोटाला पीठ होतं. अण्णासाहेबांनी तो पांढरा ठिपका हलक्या हातानं पुसला.

घनसावंगीच्या त्या छोट्या खोलीत पलंगभर नकाशा पसरलेला होता. १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध, उत्तरेकडची आघाडी. अण्णासाहेबांची पुतणी प्रीती पुण्यात कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. या युद्धाचा डाव रचून देण्याचं काम तिनं काकांवर सोपवलं होतं. कोणती तुकडी कुठल्या टेकडीवर, रणगाडे कोणत्या वाटेनं येणार, कोणतं ठिकाण जिंकलं की किती गुण, हे सगळं त्यांनी ठरवायचं. अण्णासाहेबांचा सारा जन्म वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला होता. त्या पुस्तकांत काय आहे, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. उन्हाळाभर ते नकाशावर वाकून बसले. सगळी जमीन त्यांनी षटकोनी घरांत वाटली आणि प्रत्येक घरात पेन्सिलीनं गुण लिहिले. लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.

नागसेन हा शेजारच्या बेबीनंदाचा एकुलता मुलगा. फरशी बसवायच्या कामावर तो गेल्या वर्षी इस्रायलला गेला होता. आता तिकडं पुन्हा हल्ल्याचे भोंगे वाजत होते. बेबीनंदाचं टीव्हीवरून लक्ष हटत नव्हतं.

मुलगा तिकडं ज्या गावात राहत होता, त्याचं नाव तिनं सांगितलं. फोनवर ऐकून ऐकून ते तिला पाठ झालं होतं. अण्णासाहेबांना ते घर लगेच सापडलं. घरात शून्य होतं.

"शून्य म्हंजी?"

"म्हणजे तिथं लढाई नाही. तिकडं कोणी फिरकतसुद्धा नाही."

"मंग पोरगं तिथं बराबर राहील ना?"

एरवी अण्णासाहेबांच्या तोंडी 'बहुतेक' असायचं, नाहीतर 'पाहावं लागेल'. बेबीनंदा त्यावरून त्यांची थट्टा करायची. "अण्णा, आज सोमवार हाय का बहुतेक सोमवार?" ते ओशाळून हसायचे. पण त्या दिवशी सकाळीच प्रीतीचा फोन येऊन गेला होता. 'काका, इतकं पक्कं काम आमच्याकडं कोणीच करत नाही,' ती म्हणाली होती. ते वाक्य अजून त्यांच्या कानात होतं.

"बिलकुल," ते म्हणाले. "काही काळजी करू नका."

असा ठाम आवाज आपल्याजवळ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो त्यांना आवडला.

बेबीनंदा गेली. चष्मा पुसता पुसता अण्णासाहेबांचा हात थांबला. तिनं आजचं विचारलं होतं आणि आपण तेव्हाचं सांगितलं. हे तिला जाऊन सांगावं असं त्यांच्या मनात आलं. पण दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, हाक मारायची, शब्द मागे घ्यायचे, हे सगळं त्यांना फार अवघड वाटलं. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रीतीनं रसद पोचायचे रस्ते मागितले आणि ते राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात बेबीनंदा पुन्हा आली. या वेळी उंबऱ्यातच थांबली. हातात मोबाइल होता.

"फोन लागत न्हाई," ती म्हणाली. "कालपासून लावून राह्यले. त्याच्या गावाचं नाव टीव्हीवर सांगितलं."

अण्णासाहेब उठून उभे राहिले.

"शुक्रवारी विमान व्हतं, परत येणाऱ्यांसाठी. आपल्या इकडची, मंठ्याची पोरं आली त्यातून. नागसेन इचारत व्हता, येऊ का म्हणून. म्या म्हणलं, राह्य."

अण्णासाहेबांनी पलंगाच्या कडेला हात टेकला. आता मात्र सांगणं भाग होतं.

"ताई, हा नकाशा आजचा नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईचा आहे. आणि तोही खेळातला." त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा बारीक झाला. "त्या गावाविषयी मला पुस्तकांत काही सापडलं नाही. म्हणून मी तिथं शून्य टाकलं. मला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ होता."

आता ती ओरडेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं. त्यांना तेच हवं होतं. तिनं पुन्हा एकदा नंबर लावला, कानाशी धरला आणि खाली घेतला.

"खेळ हाय, ते ठाऊक व्हतं मला," ती म्हणाली. "प्रीती आल्ती तव्हाच तिनं सांगितलं. मी नकाशा पाह्यला आल्तेच न्हाई, अण्णा. घरात, गल्लीत जो तो म्हणे, काई होत न्हाई, चांगली नोकरी हाय, राहू दे पोराला. म्हणून तुमच्याकडं आल्ते. म्हणलं, हा माणूस कशाचीच खात्री देत न्हाई. हा तरी 'काय सांगावं' म्हणंल, अन् तेवढ्यावर मी नागसेनला बोलावून घेईन."