बावीस मिनिटं उघडं

चाचणीचे पाच हजार तास भरले की प्रयोगशाळेत कंत्राटावर असलेल्या ताईंची नोकरी कायम होणार होती. एवढं सरळ गणित विभागात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन सेलच्या पोटात, आम्लात भिजलेला तळहाताएवढा प्लॅस्टिकचा पापुद्रा; एका अंगाने हायड्रोजन, दुसऱ्या अंगाने हवा, आणि उष्णता एकशे साठ अंश. त्यात तो टिकला पाहिजे, बस्स. आधीचे सगळे पापुद्रे दोन हजारांच्या आतच विरले होते. ताईंनी स्वतः घडवलेला हा चार हजार सातशे बारावर आला होता. उरले बारा दिवस. ताई ते बोटांवर मोजत नव्हत्या असं नाही, पण टेबलाखाली.

त्या सकाळी अनुदान देणारे पाहुणे आले आणि विभागप्रमुख सरांच्या ध्यानात आलं की दाखवण्यासारखं काहीच नाही. सेलवर काचेच्या लोकरीचं जाड झाकण. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी गादी गुंडाळून ठेवलीय.

"ताई, ते झाकण जरा काढा. फोटोत गादी येतेय."

"सर, पापुद्र्याची कड थंड पडेल. शंभराच्या खाली गेली की वाफेचं पाणी होतं, आणि पाणी आम्ल धुऊन नेतं."

"दोन मिनिटांत कसली थंड पडतेय? दोन मिनिटांत चहासुद्धा निवत नाही."

पाहुणे हसले. ताईही हसल्या, तिथेच चुकलं. नाही म्हटलं तर सर रुसणार, आणि कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावरून जाणार. त्यांनी हातमोजे चढवले आणि झाकण स्वतः काढलं. दुसऱ्या कुणी काढलं तर धक्का लागेल, असं कारणही मनाला देऊन टाकलं.

फोटो झाले. पाहुण्यांना उकडू लागलं म्हणून सरांनी एसी लावला. झोत थेट सेलवर. मग एका पाहुण्याने विचारलं, यात वीज येते कुठून? सर खूश झाले आणि हायड्रोजनच्या जन्मापासून सुरू झाले. ताई घड्याळाकडे बघत उभ्या. बावीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची विजेच्या दाबाची रेघ जरा वाकली. तिसऱ्या दिवशी घसरगुंडीच झाली. फिटरमामांनी पाहुण्यांच्या दिवशीची बाटली आणली. सेलमधून निघणारं पाणी ते रोज तारीख घालून साठवत. त्यात निळा लिटमस कागद बुडवला, लालभडक.

"घ्या. तुमचं आम्ल इथं राहायला आलंय."

"मामा, तुम्ही तरी ओरडायचं होतं."

"मी कुठला ओरडतोय? मला खुर्च्या आणायला पिटाळलं होतं. ओरडायचं तुम्ही!"

ताईंनी गॅसची चावी बंद केली. सेलला हवा देणारा पंखा थांबला आणि खोली एकदम मोठी वाटू लागली.

सरांनी बिघाडाचा तक्ता पुढे सरकवला. "कारणापुढे लिहा, पापुद्रा कमजोर. एखादा गेला म्हणून काय झालं? नव्या प्रकल्पाचे पैसे मागायला सोयीचंच पडेल. तुमचं कंत्राट वर्षभर वाढवून देतो, शब्द आहे माझा."

"पापुद्रा कमजोर नव्हता, सर."

"अहो, त्याला कुठे राग येणार आहे?"

ताईंनी पेन उचललं. तीन वर्षं त्या पापुद्र्यामागे रविवारसुद्धा गेले होते, घरचे टोमणे वेगळेच. त्यांनी एकेक अक्षर दाबून लिहिलं: पापुद्र्यात दोष नाही. चाचणी सुरू असताना सरांच्या सूचनेवरून झाकण काढलं, बावीस मिनिटं, एसीच्या झोतात. खाली 'झाकण काढणारी' असं लिहून सही केली आणि तक्ता परत सरकवला.

सरांनी तो दोनदा वाचला. ताई आरडाओरड्याची वाट बघत राहिल्या. सरांनी शांतपणे पट्टी घेतली, 'सरांच्या सूचनेवरून' एवढ्या दोन शब्दांवर रेघ मारली, एकदम सरळ.

"हं, आता बरोबर. पापुद्रा उत्तमच आहे, मीही तेच म्हणतो. नवा तुकडा लावू, पुन्हा पाच हजार. माणूस मात्र दुसरा बघावा लागेल. जरा नियमाने वागणारा."

पापुद्र्यावरचा ठपका गेला. सरांवर तर तो कधी नव्हताच. तक्त्यावर आता दोन सह्या होत्या: झाकण काढणारी म्हणून ताईंची आणि साक्षीदार म्हणून सरांची.