घटनेची परीक्षा

अलाबामात १९५६ साली मतदार व्हायचं तर राज्यघटनेची परीक्षा द्यावी लागे. परीक्षा सगळ्यांनाच होती; गोरे लोक ती न देताच पास होत. काळ्यांच्या शाळेत वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या ऑर्डेलियाबाई पाचव्यांदा परीक्षेला बसल्या. कारकून हॅगूडने घटनेतलं एक कलम वाचून दाखवलं, बाईंनी त्याचा अर्थ सांगितला.

"नापास," हॅगूड म्हणाला. "पाच खेपा झाल्या, ऑर्डेलिया. कंटाळत कशी नाहीस गं?"

"कंटाळून कसं चालेल, साहेब? पहिल्या खेपेला तुम्ही ओळीओळीला अडखळत होतात. आज अख्खं कलम सलग वाचलंत." बाईंनी हॅट डोक्यावर नीट बसवली. "पुढच्या महिन्यात अर्थ तुम्ही सांगून बघा. चुकलात तर मी आहेच."