टाकीचं विरजण

मंगळावरच्या वसाहतीत यमुताईंनी दसऱ्याच्या साफसफाईत माशाच्या टाकीतला स्पंजही उकळत्या पाण्याने लख्ख धुतला. दोन दिवसांत त्यांचा गोल्डफिश वर येऊन धापा टाकू लागला.

"आई, घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच होते," त्यांची मुलगी शर्वाणी हताशपणे म्हणाली. "आता नवे पृथ्वीवरून यायला वर्ष लागेल."

"विरजण संपलं की शेजारी मागतात," म्हणत यमुताई वाटी घेऊन निघाल्या.

शेजारच्या सोनटक्केबाईंनी आपल्या टाकीतल्या स्पंजाचा तुकडा कापून दिला. "हा मला पाटणकरांनी दिला. त्यांना तुम्हीच दिला होतात ना? इथल्या सगळ्या टाक्या तुमच्याच विरजणावर चालतात!"

यमुताई ताठ मानेने घरी आल्या. तुकडा टाकीत सोडत माशाला म्हणाल्या, "घे रे, आपली लेक माहेरी आलीय."