मालक कोण, कामगार कोण

“नाव?” कामगार खात्याच्या निरीक्षकाने विचारले.

“ईरम्मा.”

“तुम्ही कामगार की मालक?”

ईरम्माने मांडीवरचे सूप बाजूला सारले. साखर पेठेतल्या या खोलीत ती चौदा वर्षे बिड्या वळत होती, पण असले कुणी कधी विचारले नव्हते. मागे गोदामाच्या दाराशी कुंडलिकशेठ तंबाखूची पोती उगाचच इकडची तिकडे करत होता. बाकीच्या बायकांना त्याने आज सुट्टी दिली होती.

मालकीण आहे म्हणून सांग, असे ईरम्माला त्याने कालच पढवून ठेवले होते. परवाना तिच्या नावावर, गोदामाचा करारही तिच्याच नावावर. अंगठा तिनेच दिला होता, कशावर ते न विचारता. आता मालकीण म्हटले तर बिडी कायद्याचे सगळे खटले तिच्या गळ्यात. कामगार म्हटले तर शेठ उद्यापासून वळायला बिडीचे पान देणार नाही, आणि पान नाही तर घरात चूल पेटणार नाही. शेठ मात्र दोन्हीकडून मोकळा. तिला त्याचा मनस्वी राग आला.

“मालकीण हाय मी,” ती म्हणाली.

निरीक्षकाने तिच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले. “मालकीण स्वतः बिड्या वळते?”

“रिकामं बसून काय करू, साहेब?”

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पिशवीतून कायद्याचे पुस्तक काढले.

“हे बघा बाई, या पुस्तकात मालक हा शब्द एकटा येत नाही. मालक म्हटला की त्याचा कामगार आलाच. तुमचा कामगार कोण?”

ईरम्माने सूप पुन्हा मांडीवर ओढले. निरीक्षकाची नजर फिरत फिरत गोदामाच्या दारावर थांबली.

“हे कोण?”

“मी व्हय?” शेठ लगबगीने पुढे आला. “मी हितं कामाला हाय की, साहेब. पोती उचलतो. पगार बाईच देत्यात.”

निरीक्षकाने जबाब लिहून पुढे धरला. “यावर कामगार म्हणून सही कराल?”

शेठने घाम पुसला. खटल्यापेक्षा सही बरी, असा विचार करून त्याने ती ठोकली. निरीक्षकाने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिले आणि शाईची डबी ईरम्मापुढे सरकवली.

“आधी वाचून दावा,” ती म्हणाली.

निरीक्षकाने सावकाश वाचले. परवाना, जागा आणि गोदामातला सगळा माल ईरम्मा यांच्या मालकीचा. कामगार एक, कुंडलिक.

शेठने मान डोलावली. ईरम्माने अंगठा उठवला, बोट पदराला पुसले आणि पहिल्यांदाच शेठच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिले.

“साहेब, खाली आनि एक वळ लिवा की. ह्या मानसाला आजपासनं कामावरनं काढलंय. जाताना गोदामाची किल्ली ठिवून जा म्हनावं.”