रद्द करण्याचं कारण

हवेच्या गादीचा पंप अखेर पाचव्या दिवशी हाती आला. मिळेलकाकांनी तो फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळला, खोक्यात बसवला आणि वर पत्त्याचा कागद डकवला. कागद तिरका लागला. सरळ करायला गेले तर पत्त्याची एक ओळ फाटली, ती पेनानं वरून लिहून काढली. कुरिअरवाला अकराला येणार होता. साडेदहा वाजले होते.

मिळेलकाका हे नाव बाजारानं ठेवलेलं. तीस वर्षं त्यांचं आजाऱ्यांच्या सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाईक काहीही मागो, कुबडी नाहीतर चाकाची खुर्ची, काका म्हणणार, ‘मिळेल, बसा.’ दुकानात नसलं तर मागच्या दारानं गल्लीत उतरायचं आणि चौथ्या दुकानातून वस्तू उचलून आणायची. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. अगदीच उशीर झाला तर म्हणायचं, ‘माल निघालाय.’ सगळा बाजारच असं बोलायचा. त्यात कुणाला खोटं वाटत नव्हतं, कारण अर्ध्या तासात वस्तू येतच असे.

रस्ता रुंद झाला आणि बाजार उठला. दुकान आता झोपायच्या खोलीत होतं, लेकीनं परगावी जाता जाता लावून दिलेल्या लॅपटॉपवर. तिनं वहीत पायऱ्या लिहून दिल्या होत्या. सतराव्या पायरीला पोचेपर्यंत काकांना पहिली आठवत नसे. फोटो आडवा चढायचा, किंमत टाकली की वजन पुसलं जायचं. उतारवयात पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवावं, तशी त्यांची गत झाली होती. आणि तिथंही मास्तर दिसत नव्हता.

चार दिवसांपूर्वी एका बाईनं विचारलं होतं: आईच्या गादीचा पंप बंद पडलाय, पाठीच्या जखमा चिघळायला लागल्यात, तुमच्याकडे मिळेल का? काकांनी हाताच्या सवयीनं लिहिलं, ‘मिळेल.’ दहा मिनिटांत ऑर्डर आली. मग काकांनी जुन्या दुकानदारांना फोन लावले. एकानं धंदा बंद केला होता, दुसरा जावयाची गाडी चालवत होता, तिसऱ्याकडे गादी होती, पंप नव्हता. दुसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं आली, माल अजून पाठवलेला नाही. काकांनी ‘माल रवाना झाला’ हे बटण दाबून टाकलं. पंप शोधायला तेवढीच सवड.

बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं की नसेल तर नाही म्हणून कळवा, ती बिचारी दुसरीकडे बघेल. नाही म्हणायला काय जीभ झडते का, असंही विचारलं होतं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज सकाळी मात्र दोन बस बदलून ते एका घाऊकवाल्याच्या दारात, दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहिले. घरी येऊन पंप लावून पाहिला. तो बारीक गुरगुरला.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “मिळाला की नाही?”

लॅपटॉप टिंग वाजला. बाईचा निरोप होता. काकांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या ओळीला थांबले. पुढचं बायकोनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

‘पार्सल निघालंय असं तीन दिवस दिसतंय. ते येईल म्हणून आम्ही दुसरीकडून घेतला नाही. आई आज पहाटे गेली. आता पाठवू नका.’

बायको आता काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

त्यांनी फोन उचलला, पण बाईचा नंबर कुठंच नव्हता, पडद्यावर त्या जागी नुसत्या फुल्या होत्या. पत्ता होता, पण ते गाव कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दुकान असतं तर शटर ओढून ते त्या घरी गेले असते, चार माणसांत खाली मान घालून उभे राहिले असते. त्यांनी एकेक अक्षर शोधत ‘माफ करा’ लिहिलं. ते जाईना. आधी ऑर्डर रद्द करा, असं पडद्यावर आलं. त्यांनी ‘रद्द’ दाबलं. पडद्यानं कारण विचारलं.

खाली बेल वाजली. कुरिअरवाला वेळेआधीच आला होता.

“काय लिहिलंय?” बायकोनं विचारलं. आता पुन्हा पुढं वाकून वाचायचं तिला धैर्य होत नव्हतं.

काकांनी वाचून दाखवलं. ग्राहकाचा विचार बदलला. ग्राहकाला दुसरीकडे स्वस्त मिळालं. ग्राहकानं चुकून मागवलं. ग्राहकाचा पत्ता चुकीचा आहे. चारांपैकी एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. त्यांनी पान खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं.

“सगळी तिचीच कारणं आहेत,” ते म्हणाले. “आपलं एकही नाही.”

बेल दुसऱ्यांदा वाजली. बायको दार उघडायला उठली. काकांनी मान वळवून ती खोलीबाहेर गेल्याची खात्री केली आणि ‘ग्राहकाचा विचार बदलला’ यावर बोट ठेवलं.