भोवऱ्यांचा वेग

"तिसरं प्रकरण काढून टाक," सेमिनार हॉलच्या दारात प्रेमानंद सर समताला म्हणाले. प्रबंध जमा करण्याआधीचा शेवटचा सेमिनार होता, आत माणसं बसायला लागली होती. "बाकीच्यावर हुतीया की तुझी पीएचडी."

समता म्हणाली, आता ते जमणार नाही. सगळा प्रबंध त्याच प्रकरणावर उभा आहे. सर दारातून हलले नाहीत. निपाणीच्या भीमनगरातले भौतिकशास्त्राचे पहिले डॉक्टर ते, आणि त्यांच्याच हाताखाली दुसरी होऊ घातलेली ती. ज्या पेपरामुळे त्यांचं नाव झालं, तोच तिच्या तिसऱ्या प्रकरणानं चुकीचा ठरत होता.

"माझी चूक माझ्या एकट्याची ऱ्हात न्हाय, समता. अख्ख्या गल्लीची हुतीया. आत बसल्यात त्ये लोक वाटच बघत्यात."

"मला ठाव हाय, सर," ती म्हणाली, आणि अंग चोरून त्यांच्या बाजूनं आत गेली.

तिनं भोवऱ्यांपासून सुरुवात केली. हेलियमसारखा द्रव भयंकर थंड केला की तो घर्षणाशिवाय वाहू लागतो, म्हणजे अतिप्रवाही होतो. ढवळला तर त्यात बारीक भोवरे उठतात. उलट दिशांनी फिरणारे दोन भोवरे एकमेकांकडे सरकतात आणि नाहीसे होतात. किती वेगानं सरकतात, हे थेट काढणं अवघड. म्हणून तोच प्रश्न एक मिती जास्त असलेल्या विश्वात, कृष्णविवराच्या गणितात नेऊन सोडवायचा. भोवरे जी ऊर्जा गमावतात, ती तिथं कृष्णविवरात पडताना दिसते.

सरांच्या पेपरात द्रवाचा त्या कृष्णविवरावर काहीच परिणाम होत नाही, असं धरलं होतं. समतानं तो परिणाम हिशेबात घेतला. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक त्यांची, एक तिची. तापमान खाली गेलं तशा त्या फाकत गेल्या होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत मागे रेलले. म्हणजे गाइडचाच पेपर चुकीचा का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मग शेजारच्या विभागप्रमुखांकडे वळून कन्नडात म्हणाले की राखीव जागांवर अशा नेमणुका केल्या की असंच व्हायचं. म्हणाले हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. पुढच्या रांगेतले दोघं हसले.

प्रेमानंद सर उठले.

"पेपरात काय चुकलं, नेमकं सांग."

तिनं सांगितलं.

"परत सांग. मोठ्यानं."

तिनं परत सांगितलं. मग ते विचारतच सुटले. संगणकावरच्या आकडेमोडीची जाळी बारीक करून पाहिली का? भोवऱ्याच्या गाभ्यात आकडे बिघडत नाहीत कशावरून? सीमेवरच्या अटी कुणी तपासल्या? एक उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न येत होता. एकदा ती अडखळली, तेव्हा ते थांबले, तिच्याकडे रोखून बघत, तिला उत्तर सापडेपर्यंत. त्यांच्या डोळ्यांत एवढा राग तिनं कधी पाहिला नव्हता. तिचंही डोकं फिरलं. ती फळ्याकडे वळली आणि सगळं समीकरण पहिल्यापासून मांडलं.

"मग माझा निकाल कुठवर खरा?"

"द्रव अतिप्रवाही व्हायला लागतो, त्या तापमानाच्या आसपास खरा," समता म्हणाली. "त्याच्या बराच खाली गेलं की खोटा."

"खोटा," सर म्हणाले, आणि परीक्षकांकडे वळले. "तुमचं काही विचारायचं राहिलंय?"

परीक्षकांनी पुढ्यातला कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मग तो पालथा घातला. नाही, म्हणाले.

एरवी सेमिनार झाला की दोघं सरांच्याच गाडीतून निपाणीला जायची. समता बॅग घेऊन खाली आली तेव्हा गाडी सुरू होती. तिनं पुढच्या दाराला हात घातला. दार लॉक होतं. काच चार बोटं खाली आली.

"माझं काम तू पाडलंस," सर समोर बघत म्हणाले. "बसनं जा."

ती हात काढून मागे सरली. गाडी मात्र लगेच हलली नाही.

"तोंडी परीक्षेला आजचा ह्योच परीक्षक येणार हाय. त्येच्याफुडं अडखळलीस तर बघ."

काच वर गेली.