पुढं सरकवलेलं ताट

मालुबाईनं ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडं वळवली.

निपाणीच्या चर्चच्या मंडळीत नव्यानं आलेले सूरज पाळक द्राक्षरसाचा इवला पेला हातात धरून खाटेशी तसेच बसून राहिले. डॉक्टरांनी तिला सकाळीच घरी पाठवलं होतं. आता घरी न्या, म्हणाले होते. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाच्या पेल्यांचं ताट बाकावरून बाकावर जातं. ज्याच्या मनात पाप सलतंय त्यानं कबुली देईपर्यंत पेला उचलायचा नाही, ताट पुढं सरकवायचं, अशी या मंडळीची रीत. मालुबाई नऊ वर्षं ताट पुढं सरकवत होती. लोकांच्या जिभेला हाड नसतं. कुणी तिचं नाव दिराशी जोडलं, कुणी तिला चोर ठरवलं. तिनं एकालाही उत्तर दिलं नाही.

कीव यायची ती तिच्या नवऱ्याची. नागेंद्रअण्णांसारखा शुद्ध मनाचा माणूस मंडळीत दुसरा नव्हता. थाट नको म्हणून त्यांनी चांगली चालती जीप विकली आणि पायी हिंडू लागले. संकेश्वरच्या रस्त्यावर अपघातात गेलेल्या भावकू नावाच्या माणसाच्या बायकोला, चंपाबाईला, दर महिन्याला तांदूळ खांद्यावरून नेऊन द्यायचे. प्रभुभोजनाचं ताट तेच फिरवायचे आणि शेवटचा पेला स्वतः घ्यायचे. अशा माणसाच्या नशिबी ही बाई यावी, याचं खरंच वाईट वाटायचं.

"आक्का, एकदा बोलून टाका," पाळक म्हणाले. "देव क्षमा करतो. असं पेल्याविना जाऊ नका."

"घ्यावा असं लई वाटतंय वो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पर बोलायचं माझ्या हातात न्हाय."

पाळकांनी ताट धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. "अण्णा, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतील."

अण्णांनी ताट खाली ठेवलं.

"ताट मी सरकवाय पायजे होतं," ते म्हणाले. "मी पेला घेत ऱ्हायलो, म्हणून माझ्या वाटचं तिनं सरकवलं. भावकूला माझ्या जीपनं उडवलंय, पाळकसाहेब."

मालुबाईनं मान वळवली आणि पेल्यासाठी तोंड उघडलं.